शस्त्रहतांची चतुर्दशी

भाद्रपदाच्या वद्य पक्षात देवळाच्या तळीवर किंवा नदीच्या काठी आपण पितरांना पाणी देतो. ज्याची जी तिथी, त्या तिथीस त्याचा महालय, असा सर्वसाधारण नेम आहे. परंतु या पंधरवड्यातील चतुर्दशी ही एक तिथी शास्त्रकारांनी वेगळी काढून ठेवली. शस्त्राच्या घावाने ज्यांना मृत्यू आला, त्यांच्यासाठी ती राखलेली आहे. मग तो मृत्यू वर्षाच्या कोणत्याही दिवशी आलेला असो. युद्धस्मारकांचा विचार करू लागलो की मला प्रथम ही तिथी आठवते. दगडी स्तंभ, अखंड ज्योत, दोन मिनिटांची स्तब्धता, पुष्पचक्र हे सारे आपण अलीकडे शिकलो. पण युद्धात पडलेल्यांचे स्मरण हा सर्वांचा मिळून एक दिवस असावा, ही कल्पना आपल्या पंचांगात पूर्वीपासून आहे.

या तिथीच्या जोडीला शास्त्राचे आणखी एक वचन ठेवून पाहिले पाहिजे. रणांगणात समोरासमोर लढताना जो पडला, त्याचे अशौच तात्काळ सुटते, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. इतरांसाठी दहा दिवसांचे सुतक, आणि ज्याच्या मृत्यूने घर उद्ध्वस्त झाले त्याच्यासाठी ते नाही, हे प्रथमदर्शनी कठोर वाटते. पण दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांतील विचार उमगतो. सुतक क्षणात संपते, तिथी मात्र वर्षानुवर्षे चालते. वीराच्या बाबतीत समाजाने शोकात बुडून राहावे, असे शास्त्राला वाटत नाही. त्याने विसरू नये, एवढीच त्याची अपेक्षा आहे. शोक आणि स्मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सार्वजनिक शोकाविषयी जे घोटाळे होतात, त्यांतील पुष्कळसे हा भेद न केल्यामुळे होतात.

सार्वजनिक शोकावर घेतला जाणारा आक्षेप सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याच्या घरचा उंबरठा आपण कधी ओलांडला नाही, त्याच्यासाठी शोक करणे हे ढोंग नव्हे काय? आईचे रडणे खरे, पत्नीचे मौन खरे. पण मैदानावर रांगेत उभे राहून घड्याळाकडे पाहत दोन मिनिटे मान खाली घालणाऱ्या हजारोंचे दुःख कोणत्या जातीचे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. परकीयाच्या शोकाचा आव आणणे ही खरोखरच एक प्रकारची चोरी आहे; कारण जे दुःख एका घराचे आहे, ते आपण आपले म्हणून मिरवतो.

पण तर्पण करणारा माणूस काय करीत असतो, ते पाहावे. तो रडत नाही. रडलेच पाहिजे असे त्याला कोणी सांगत नाही. पणजोबांना त्याने पाहिलेले नसते. त्यांच्याविषयी त्याला दुःख व्हावे, अशी अपेक्षाही नसते. तो नाव घेतो, गोत्र उच्चारतो आणि ओंजळभर पाणी सोडतो. तो ऋण फेडतो. ऋण फेडण्यास डोळ्यांत पाणी असावे लागत नाही, हातात पाणी असावे लागते. युद्धस्मारकापुढे उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसाची भूमिका हीच आहे. त्याच्याकडून शोकाची मागणी करणे चूक, आणि तो शोक करीत नाही म्हणून त्याला ढोंगी ठरविणेही तितकेच चूक.

आणि ज्यांच्याशी आपले रक्ताचे नाते नाही, त्यांचे ऋण आपल्याला लागू होते काय, याचेही उत्तर आपल्या आचारात आहे. माघ शुद्ध अष्टमीस भीष्मांना अर्घ्य देतात. भीष्म निपुत्रिक, त्यांना पाणी देणारा मुलगा नाही, म्हणून ते साऱ्यांनी द्यावयाचे. नित्य तर्पणाच्या शेवटीही ज्यांना कोणी आप्त उरला नाही, त्यांच्यासाठी एक ओंजळ असते. ज्याला कोणी नाही, त्याचे सर्वजण. हे तत्त्व आपल्या कर्मकांडात इतके मुरले आहे की त्यातील औदार्य आपल्या लक्षातही येत नाही.

महाभारतात या तत्त्वाची कसोटी लागते ती स्त्रीपर्वात. युद्ध संपले आहे. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती पडले? युधिष्ठिर आकडा सांगतो. कोटींच्या हिशेबातला आकडा, आणि त्याच्या जोडीला जे दिसेनासे झाले त्या वीरांची वेगळी संख्या, २४,१६५. व्यासांना येथे थांबता आले असते. परंतु धृतराष्ट्र पुढे आणखी प्रश्न करतो तो असा की, ज्यांना नाथ आहे आणि ज्यांना नाही, त्या सर्वांचे अंत्यसंस्कार तुम्ही विधिपूर्वक करणार ना? ज्याने साऱ्या आयुष्यात क्वचितच योग्य प्रश्न विचारला, त्या आंधळ्या राजाने विचारलेला हा अगदी योग्य प्रश्न आहे. युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य, सुधर्मा, युयुत्सू यांना कामास लावतो. राजांच्या चिता नावानिशी पेटतात, आणि देशोदेशींहून आलेल्या, ज्यांना ओळखणारे कोणी नाही अशा सहस्रावधी सैनिकांना विदुर एकत्र करून अग्नी देतो. संख्या सांगून राजधर्म पुरा होत नाही, तो संख्येनंतर सुरू होतो, असे या प्रसंगाचे तात्पर्य आहे.

हे तात्पर्य मनात ठेवून इराकातील बसऱ्याच्या स्मारकाकडे वळू. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर गेलेल्या सैन्यात आपल्या मुलखातील पुष्कळ माणसे होती. सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात हे सैन्य डिसेंबर १९१५ पासून अडकले, उपासमारीने खंगले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. कैद झालेल्यांतील कित्येकजण वाळवंटातील पायपिटीत आणि नंतरच्या बंदिवासात मेले. त्यांची चिता कोणी रचली नाही, त्यांचे थडगेही कोणी बांधले नाही. अशा, मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांचे दफनस्थान ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभारण्यात आले. १९९७ मध्ये ते तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नव्याने उभे केले गेले. या स्मारकाच्या शिलांवर अधिकाऱ्यांची नावे कोरली, गोऱ्यांची आणि भारतीयांचीही. पण सामान्य भारतीय शिपाई, नाईक, हवालदार यांची नावे कोरली नाहीत. पलटणीचे नाव लिहिले आणि त्याखाली आकडा लिहिला.

ज्या आयोगाने हे केले, त्याची स्थापना १९१७ साली झाली होती, आणि पद, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाही, हे त्याचे घोषित तत्त्व होते. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या भारतीयांच्या स्मारकावर त्याच आयोगाने ४,७०० हून अधिक नावे कोरली, त्यांत साधे शिपाई आहेत. म्हणजे युरोपच्या डोळ्यांसमोर जे नाव होते, ते वाळवंटात आकडा झाले. पुढे त्याच आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात मान्य करण्यात आले. आशियातील आणि आफ्रिकेतील सैनिकांच्या वाट्यास हे आले, आणि त्याच्या मुळाशी वंशभेदाचे पूर्वग्रह होते, हेही अहवालाने लपविले नाही. आयोगाने क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, ती मागितली गेली याची नोंद घेणे न्यायाचे आहे.

येथे कोणी म्हणेल की हिंदूला थडगे नसते. आपला देह अग्नीला, अस्थी पाण्याला. नामरूप विसर्जित व्हावे हीच आपली आकांक्षा. मग शिलेवर नाव नाही म्हणून आपले काय गेले? हा युक्तिवाद वरवर आध्यात्मिक दिसतो, पण तो आपल्याच आचाराच्या विरुद्ध आहे. आपल्याला थडगे नाही हे खरे. म्हणूनच आपल्याला नाव आहे. श्राद्धाचा संकल्प नावावाचून होत नाही. पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र उच्चारावे अशी सोय आहे. पण आकडा सांगावा अशी सोय कोठेही नाही. ज्यांच्यापाशी दगड आहे, त्यांचे नाव एक वेळ तोंडातून गेले तरी दगडावर राहील. ज्यांच्यापाशी दगड नाही, त्यांचे सारे स्मरण जिभेवर असते. म्हणून आकड्याने झालेला अन्याय कोणावर सर्वांत अधिक झाला असेल, तर तो ज्यांची माती कोठेही उरत नाही त्यांच्यावर.

परंतु इंग्रजांकडे बोट दाखवून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांना पानिपताची आठवण करून देण्याचे कारण नाही. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस मराठी भाषेनेच जपून ठेवला आहे. आजही एखाद्याचा धुव्वा उडाला की आपण पानिपत झाले म्हणतो, आणि मोठे अरिष्ट आले की संक्रांत कोसळली म्हणतो. त्या पराभवाची वार्ता ज्या सांकेतिक पत्रातून दक्षिणेत आली, त्यात दोन मोती गळाले आणि सत्तावीस मोहरा हरवल्याचे कळविले होते. रुपये आणि खुर्दा किती गेला, याची गणतीच नव्हती. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. रुपये आणि खुर्दा म्हणजे बाकीचे सारे. पत्र लिहिणाऱ्याचा यात दोष नव्हता. संकटाच्या घाईत सावकारी भाषेत याहून वेगळे काय लिहिता आले असते? पण त्या खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्याच्या घरी कोणीतरी वाट पाहत होते, याची आठवण आपण तरी किती ठेवली?

वाट पाहणे म्हणजे काय, हे भाऊंच्या पत्नीच्या, पार्वतीबाईंच्या उदाहरणावरून कळते. भाऊ पडले यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. १७८३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. दरम्यान भाऊंचा तोतया निघाला, त्याच्यामागे माणसे लागली, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. ज्या मृत्यूला खूण नाही, तो मृत्यू पुरा होत नाही. घरातही नाही आणि राज्यातही नाही. पेशव्यांच्या घरची ही कथा असल्यामुळे ती इतिहासात आली. गावोगावच्या ज्या अनाम पार्वतीबाईंनी कुंकू ठेवावे की पुसावे या शंकेत वर्षे काढली, त्यांची कथा कोठेही आली नाही. युद्धस्मारकावर नाव कोरणे हे या दृष्टीने केवळ गौरवाचे काम नाही. तुमचा मनुष्य येथे पडला, आता वाट पाहू नका, असे राज्याने त्या घराला सांगणे आहे. ते सांगणे क्रूर आहे, आणि तरीही ते त्या घराचे देणे आहे.

महायुद्धानंतर खेडोपाडी ज्या संगमरवरी पाट्या बसविल्या गेल्या, त्याही अशाच. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. पाटी बसविली तेव्हा गावाला नावे पाठ होती, म्हणून आकडा पुरला. आज त्या पाटीखाली बसून पारावर गप्पा मारणाऱ्यांना त्यांतले एकही नाव सांगता येत नाही. गावांच्या वेशीवरील वीरगळांची स्थिती याहून थोडी वेगळी. गोव्यात कदंबांच्या काळातील वीरगळ सापडले आहेत. काहींवर जहाजांच्या लढाया कोरलेल्या आहेत. अनेक वीरगळांवर अक्षर नाही, पण लढणारा मनुष्य कोरलेला आहे. कलेवराच्या ढिगाऐवजी एक मनुष्य, त्याच्यावर अप्सरा आणि माथ्याशी सूर्यचंद्र. नाव लोपले तरी तो एकटा उभा आहे. आकड्याला तेवढेही साधत नाही.

आता दुसऱ्या, अधिक अवघड आक्षेपाकडे यावे लागेल. स्मारके युद्धाचे गोडवे गातात, असा तो आक्षेप. मृतांच्या नावाने जिवंतांना भडकविणे हा राजकारणाचा जुना धंदा आहे, आणि ज्याने काही सोसले नाही, त्याचाच आवाज स्मारकाच्या पायरीवर सर्वांत मोठा असतो. लंडनमध्ये ल्यूटेन्सने १९२० मध्ये उभारलेल्या स्मारकस्तंभाची थोरवी मला यातच वाटते की त्याच्या माथ्यावर विजयाची मूर्ती नाही. ते एक रिकामे थडगे आहे. तिथली दोन मिनिटांची स्तब्धता १९१९ पासून चालत आली आहे. स्तब्धतेत भाषण करता येत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक उघडले. स्वातंत्र्योत्तर काळातील २५,००० हून अधिक सैनिकांची नावे तेथे ग्रॅनाइटवर कोरली आहेत, आणि हुतात्म्याच्या आप्तांच्या हस्ते सायंकाळी पुष्पचक्र वाहण्याचा प्रघात तेथे पडला आहे. मोठ्या समारंभापेक्षा मला हा साधा प्रघात अधिक मोलाचा वाटतो. एक नाव, एक घर, एक संध्याकाळ. स्मारकाचा शुद्धपणा मोजावयाचा असेल, तर आवाज किती मोठा झाला हे पाहू नये. कोणाचे नाव किती स्पष्ट उच्चारले गेले, हे पाहावे.

गोमंतकीय वाचकाच्या मनात या ठिकाणी पत्रादेवी उभी राहिली असेल. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पडलेल्यांत कोणी महाराष्ट्रातले, कोणी दूर पंजाबातले. गोव्याच्या मातीशी त्यांचे जन्माचे नाते नव्हते. त्यांच्या हातांत शस्त्रही नव्हते. मग हे युद्धस्मारक म्हणावे की नाही, असा वाद कोणी घालील. चतुर्दशीची तिथी मात्र हा वाद घालीत नाही. मृत्यू शस्त्राने आला काय, एवढेच ती विचारते. मरणाऱ्याच्या हाती शस्त्र होते काय, हे विचारीत नाही.

गीतेचा दाखला देऊन कोणी म्हणेल, ज्ञानी पुरुष गेलेल्यांचा शोक करीत नाहीत. खरे आहे. पण तो उपदेश युद्धाच्या आरंभी, कर्तव्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला केलेला आहे. त्याच ग्रंथात युद्धाच्या शेवटी स्त्रीपर्व आहे, आणि गीता सांगणारा श्रीकृष्ण तेथे गांधारीसमोर उभा आहे. आपल्या मृत पुत्रांपाशी ती एकेकाचे नाव घेऊन विलाप करते, तो ऐकतो. तो तिला तिचा दोषही सांगतो, परंतु तिने दिलेला शाप मात्र नाकारीत नाही. ज्याने युद्ध करावयास सांगितले, त्याने युद्धानंतर मातांसमोर उभे राहिले पाहिजे. व्यासांनी भगवंतालाही यातून सूट दिली नाही. राज्यकर्त्यांना स्मारकापुढे मान लववावी लागते, तिचा खरा अर्थ हाच असावा. तो गौरव असेल, पण आधी ती जबाब देण्याची जागा आहे.

आणि शत्रूचे काय? याचे उत्तर गंगेच्या काठी मिळाले आहे. सर्वांचे तर्पण चालू असताना कुंतीने युधिष्ठिराला सांगितले की कर्णालाही पाणी दे, तो तुझा ज्येष्ठ बंधू. ज्याला मारल्याचा कालपर्यंत आनंद झाला होता, तो पाणी देताना भाऊ निघाला. हे रहस्य युद्धात उलगडले नाही, विजयसभेतही उलगडले नाही. ओंजळ भरलेली असतानाच उलगडले. युधिष्ठिराला त्या क्षणी जे कळले, ते आपल्याला आधीच कळावे म्हणून ही कथा सांगितली गेली असावी. ज्यांना आपण अनोळखी म्हणतो, त्यांपैकी कोण आपला कोण होता, हे आपल्याला ठाऊक नसते.

या विचारांतून करण्याजोगे एक छोटे काम सुचते. प्रत्येक देवस्थानाच्या पंचक्रोशीतून युद्धावर गेलेली आणि परत न आलेली माणसे असतील. जुन्या पाट्यांवर त्यांचे आकडे असतील, आणि आयोगाच्या नोंदींत आता पुष्कळांची नावे शोधता येतात. ती शोधून एका वहीत लिहावीत. भाद्रपद वद्य चतुर्दशीस आपापल्या पितरांचे पाणी सोडून झाले, म्हणजे भटजींनी ती वही उघडून नावे मोठ्याने वाचावीत. जात, हुद्दा, धर्म पाहू नये. पलटणीत मुसलमान, ख्रिस्ती असतील तर त्यांचीही नावे त्याच ओळीत असावीत. जे नाव सापडले नाही, त्याच्या जागी थोडे थांबावे. भाषण करू नये. मग शेवटची ओंजळ सोडून घरी जावे.

एवढ्याने झालेला अन्याय पुसला जाणार नाही. पण वाळवंटातल्या शिलेवर ज्याचा केवळ आकडा आहे, त्याचे नाव त्याच्या गावच्या तळीवर वर्षातून एकदा तरी ऐकू येईल.